जाणिवेपलीकडचा मुलूख

सन १९१६ च्या उत्तरार्धात, व्हर्दँच्या लढाईत दोन्ही बाजूंची माणसे हजारांनी कापली जात असताना, सँ-दिझिये या फ्रेंच गावातील लष्करी मनोविकार-रुग्णालयात आंद्रे ब्रेताँ नावाचा वीस वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी मदतनीस म्हणून तैनात होता. आघाडीवरून भ्रमिष्ट होऊन आलेल्या सैनिकांच्या खाटेशी बसावे, त्यांची स्वप्ने आणि त्यांचे असंबद्ध बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. तेथे त्याला एक सुशिक्षित तरुण सैनिक भेटला. हा मनुष्य तोफांच्या भडिमारात खंदकाच्या कठड्यावर उभा राहून डोक्यावरून जाणारे गोळे बोटाने दाखवीत असे, आणि या बेदरकारपणामुळेच वरिष्ठांचे लक्ष त्याच्याकडे गेले होते. त्याची कैफियत अशी, की हे युद्ध मुळात खरे नाहीच; तोफगोळे लुटुपुटीचे आहेत, जखमा रंगभूषेच्या आहेत आणि रणांगणावर दिसणारी प्रेते रात्रीच्या अंधारात कोणीतरी आणून मांडून ठेवतो. या कैफियतीतली तर्कसंगती ब्रेताँला हादरवून गेली. पस्तीस वर्षांनंतरही तो या सैनिकाची हकीकत सांगत होता.

अतिवास्तववादी चित्रकलेची कुळकथा सांगणारे बहुतेक लेखक पॅरिसच्या उपाहारगृहांपासून आणि तेथील वादविवादांपासून आरंभ करतात. माझ्या मते तिचा खरा उगम या रुग्णालयात आहे. अठराव्या शतकापासून युरोपने विवेकबुद्धीला सिंहासनावर बसविले होते आणि शास्त्र, कायदा, उद्योग व राज्यकारभार या साऱ्यांची सनद तिच्या नावाने निघत होती. त्याच बुद्धीने आखलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकांनी माणसे आघाडीवर पोहोचविली आणि तिच्याच रसायनशाळांतून निघालेल्या विषारी वायूंनी ती मारली. हे ज्यांनी पुस्तकांत न वाचता स्वतःच्या अंगावर सोसले, त्या तरुणांनी पुढे ही चळवळ उभी केली. चित्रकार आंद्रे मासाँ छातीत गोळी लागून रणभूमीवर पडला होता. कवी गिय्योम अपॉलिनेर याच्या डोक्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. पुढे चळवळीला मिळालेले नाव त्यानेच १९१७ मध्ये प्रथम योजिले आणि पुढल्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला. मॅक्स एर्न्स्ट जर्मन तोफखान्यात होता, पॉल एल्युआर फ्रेंच सैन्यात. एकमेकांच्या शत्रुपक्षांत लढलेले हे दोघे पुढे जिवलग मित्र झाले. शहाण्यांच्या जगाचा हा शेवट होत असेल, तर ज्या मनोव्यापारांना त्या जगाने भ्रम, स्वप्न आणि वेड म्हणून उंबरठ्याबाहेर ठेवले त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे, असे त्यांना वाटले तर त्यात नवल ते काय?

त्याच १९१६ साली, तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात, ह्यूगो बाल, एमी हेनिंग्ज, त्रिस्तान त्झारा, हान्स आर्प आदी परागंदा कलावंतांनी ‘काबारे व्होल्तेर’ नावाच्या लहानशा रंगगृहात ‘दादा’ चळवळीचा उच्छाद मांडला होता. अर्थहीन शब्दांच्या कविता, मुखवटे घालून केलेले नाच, ढोलांचा गोंगाट, असा तो सारा मामला होता. त्झारा १९२० मध्ये पॅरिसला आला आणि ब्रेताँ व त्याचे मित्र काही काळ त्या वाऱ्यात सापडले. पण नकाराला स्वतःचे घर नसते. जुने मोडून झाल्यावर त्या मोकळ्या जागेत काय उभे करायचे, याचे उत्तर दादांपाशी नव्हते आणि ते शोधण्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. ब्रेताँला ती वाटत होती.

उत्तराचा धागा त्याला रुग्णालयातल्या टिपणवह्यांतच सापडला. फ्रॉइडचे सिद्धान्त त्याला फ्रेंच ग्रंथांतील सारांशरूपाने ठाऊक होते. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने मनाच्या स्वयंचलित व्यापारांवर १८८९ मध्येच मोठा ग्रंथ लिहिला होता. रुग्णाने मनात येईल ते न गाळता बोलत जावे, ही जी उपचाराची रीत, तीच निरोगी माणसाने हाती लेखणी घेऊन स्वतःवर चालविली तर काय होईल, असा प्रश्न ब्रेताँने स्वतःला घातला, आणि १९१९ च्या वसंतात फिलिप सूपो या मित्रासह दिवसाचे अनेक तास झपाट्याने, मागे वळून न पाहता, एकही शब्द न खोडता लिहिण्याचा प्रयोग केला. त्यातून निर्माण झालेले पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी तो मोठ्या आशेने व्हिएन्नाला फ्रॉइडच्या दर्शनास गेला आणि निराश होऊन परतला. दोघांच्या प्रयोजनांतच अंतर होते: फ्रॉइडला नेणिवेत उतरायचे होते ते रुग्णाला बरे करून पुन्हा नित्याच्या व्यवहारात आणून सोडण्यासाठी; ब्रेताँला तेथे वस्ती करायची होती.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्याने चळवळीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. बुद्धीच्या पहाऱ्यावाचून, सौंदर्याच्या किंवा नीतीच्या कोणत्याही दंडकावाचून चालणारा विचाराचा स्वाभाविक व्यापार, तोच आपला विषय, अशी त्याची व्याख्या होती. आणि स्वप्न व जागृती या वरवर विरोधी भासणाऱ्या दोन अवस्थांचा अखेर एका उच्चतर वास्तवात मिलाफ होईल, ही त्याची श्रद्धा होती. त्याच महिन्यात पॅरिसच्या रू द ग्रनेल या रस्त्यावर १५ क्रमांकाच्या इमारतीत चळवळीने चक्क एक संशोधन-कचेरी थाटली. तेथे ठरल्या वेळी कोणीतरी हजर असे, आणि नागरिकांनी आपली स्वप्ने, योगायोगाचे विलक्षण अनुभव, मनातल्या चमत्कारिक कल्पना घेऊन यावे व त्यांची नोंद करावी, असे आवाहन केले होते. डिसेंबरात निघालेल्या त्यांच्या नियतकालिकाची मांडणीही ‘ला नात्यूर’ या तत्कालीन विज्ञानपत्रिकेच्या धर्तीवर रुक्ष आणि गंभीर ठेवलेली होती. कचेरी, दप्तर, नोंदी, अहवाल: हा सरंजाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. चळवळीकडे केवळ विक्षिप्तांचा मेळावा म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून तिचे हे शोधक अंग निसटते.

येथवर चित्रकलेचा संबंध जवळजवळ आलेला नाही. जाहीरनाम्यातही चित्रकारांचा उल्लेख एका तळटीपेत आहे. नियतकालिकाच्या तिसऱ्याच अंकात पिएर नाव्हिल या संपादकाने अतिवास्तववादी चित्रकला अशी काही चीज संभवतच नाही, असा निर्वाळा दिला, आणि त्याचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. लेखणी मनाच्या वेगाने धावू शकते. पण रंग कालवावा, कॅनव्हास ताणून घ्यावा, एक थर वाळेपर्यंत थांबावे आणि मग दुसरा चढवावा, या साऱ्या विलंबात बुद्धीचा पहारेकरी जागा झाल्यावाचून कसा राहील? या आक्षेपाला चित्रकारांनी जी उत्तरे हुडकून काढली, त्यांतच या चित्रकलेची खरी संपत्ती आहे.

मासाँने कागदावर शाईची लेखणी कोणताही विषय मनात न धरता फिरवावयास आरंभ केला; रेषांच्या गुंत्यातून मग एखादा पक्षी, एखादा हात, एखादे फुटलेले फळ वर येई. पुढे १९२६ च्या सुमारास तो कॅनव्हासवर डिंक ओतून वर वाळू पसरू लागला. वाळू जेथे चिकटेल तेथे चिकटेल, तिच्या आकारांनी जे सुचेल त्याला चार रेषांनी पुरे करायचे. ‘माशांची लढाई’ हे त्याचे चित्र असे जन्मले. मिरो या चित्रकाराने कॅटलोनियातील आपल्या शेतघराचे तपशीलवार चित्रण सोडून भुकेच्या ग्लानीत छतावर दिसणारे आकार वहीत टिपायला घेतले आणि त्यांतून ‘विदूषकाचा उत्सव’ हे १९२४-२५ मधील नाचऱ्या जीवजंतूंनी गजबजलेले चित्र उभे केले.

परंतु या सर्वांत मॅक्स एर्न्स्टच्या प्रयोगापाशी थोडे थांबले पाहिजे. १० ऑगस्ट १९२५ रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका खाणावळीत पावसामुळे तो अडकून पडला होता. खोलीची लाकडी जमीन हजारो वेळा घासून धुतली गेल्यामुळे फळ्यांचे मऊ लाकूड झिजले होते आणि त्यांच्या शिरा वर आल्या होत्या. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, की त्या रेघांकडे पाहता पाहता त्याला बालपणीच्या पलंगासमोरचा महोगनी रंगाचा लाकडी पडदा आठवला, ज्याच्या रेषांत अर्धवट झोपेत त्याला नाना आकृत्या दिसत. त्याने कागदाचे ताव हाताला येतील तसे जमिनीवर टाकले आणि काळ्या शिशाच्या कांडीने ते वरून घासले. लहान मुले नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासतात तीच ही क्रिया. पण कागदावर जे उमटले त्यात लाकूड राहिले नव्हते: तेथे समुद्र होता, अरण्य होते, पिसांचा घोडा होता. मग त्याने झाडाची पाने, गोणपाटाची उसवलेली कड, रिळावरून सुटलेला दोरा, हाती लागेल ते कागदाखाली घातले. त्यांतील चौतीस चित्रांचा संच १९२६ मध्ये ‘निसर्गेतिहास’ या नावाने प्रसिद्ध झाला.

ही चित्रे निवांतपणे पाहिली असता ध्यानात येते, की यदृच्छेने येथे फक्त दार उघडून दिले आहे. कोणता ताव ठेवायचा, कोणता टाकायचा, पानाची शीर कोठे थांबवायची म्हणजे तिचे झाड होईल, क्षितिजाची एक आडवी रेघ कोठे ओढायची म्हणजे लाकडाच्या गाठीचा सूर्य होईल, हे सारे निर्णय एका अत्यंत तरबेज हाताचे आहेत. एर्न्स्टने चळवळीच्या तत्त्वाचा भंग केला असे यावर कोणी म्हणेल. मला वाटते, त्याने त्या तत्त्वाला चित्रकलेत राहता येईल असे शरीर दिले: चित्रकार प्रथम आपल्याच कृतीचा प्रेक्षक होतो, समोर आपोआप जे अवतरले त्याचे साक्षीदारपण करतो, आणि मगच त्यात हात घालतो. कर्तृत्वाचा अहंकार क्षणभर बाजूला ठेवण्याची ही शिस्त आधुनिक कलेला अतिवास्तववादाने दिलेली सर्वांत मोठी देणगी होय.

चळवळीचा दुसरा मार्ग याहून अगदी निराळा होता, आणि त्याची वाट ग्रीसमध्ये जन्मलेल्या जोर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराने महायुद्धापूर्वीच घालून दिली होती. निर्मनुष्य चौक, लांबलेल्या सावल्या, दूर जाणारी आगगाडी आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या वस्तू हे त्याचे जग. १९१४ मधील ‘प्रेमगीत’ या चित्रात एका भिंतीवर ग्रीक देवाचे प्लास्टरचे मस्तक, त्याच्या शेजारी खिळ्याने ठोकलेला शस्त्रवैद्याचा लाल रबरी हातमोजा आणि खाली एक हिरवा चेंडू, एवढेच आहे. या चित्राची छापील प्रत पाहून बेल्जियममधील रने माग्रित या तरुणाच्या डोळ्यांत पाणी आले. इव्ह तांगी हा खलाशी तर पॅरिसमध्ये चालत्या बसमधून एका दुकानाच्या खिडकीत दे किरिकोचे चित्र दिसताच खाली उतरला आणि कोणतेही शिक्षण नसता चित्रकार झाला. येथे घाई नाही, ओघळणारी शाई नाही. चित्र जुन्या आचार्यांच्या सफाईने रंगवायचे, पण वस्तू ज्या नात्यांनी बांधलेल्या असतात ती नाती तेवढी सोडवून टाकायची.

माग्रित हा या मार्गावरचा सर्वांत प्रामाणिक प्रवासी. त्याने भिंतींना लावायच्या छापील कागदांच्या कारखान्यात आराखडे काढले होते, जाहिराती रंगवून पोट भरले होते, आणि त्याच्या चित्रांत ती कारागिराची निर्विकार स्वच्छता अखेरपर्यंत टिकली. १९२९ मध्ये त्याने तंबाखूचा एक पाइप हुबेहूब रंगवून खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले की हा पाइप नव्हे. यात कोडे काही नाही. ते रंगविलेले चित्र आहे, त्यात तंबाखू भरता येत नाही. पण आपण दिवसभर प्रतिमांनाच वस्तू मानून त्यांच्याशी व्यवहार करीत असतो, ही गोष्ट इतक्या साधेपणाने कोणा तत्त्ववेत्त्यानेही सांगितलेली नाही.

साल्वादोर दालीविषयी लिहिताना हात आखडतो, कारण त्याच्या कीर्तीने चळवळीतील बाकी सारी नावे झाकोळून टाकली आहेत. १९२९ मध्ये त्याने लुईस बुन्युएलसह एक लघुचित्रपट काढला आणि त्याच वर्षी तो चळवळीत सामील झाला. १९३१ मधील ‘स्मृतीचे सातत्य’ हे मऊ पडलेल्या घड्याळांचे त्याचे चित्र आज पृथ्वीवरील कोणत्याही शहरातील भिंतीवर आढळते. मूळ चित्र मात्र अवघे २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे, वहीच्या पानाएवढे, आणि त्यातील निर्जन खडक त्याच्या जन्मप्रांतातील समुद्रकिनाऱ्याचे आहेत. एकाच आकारात दोन निरनिराळ्या वस्तू पाहण्याची, भ्रमिष्टाची दृष्टी जाणीवपूर्वक स्वीकारण्याची त्याची पद्धत खरोखर नवी होती. १९३८ मध्ये लंडनला त्याची भेट झाल्यावर वृद्ध फ्रॉइडनेही, आजवर आपण या मंडळींना निव्वळ खुळे समजत होतो ते मत आता फेरतपासावे लागेल, अशा आशयाचे पत्र लेखक स्टेफान त्स्वाइगला लिहिले. पण हिटलरविषयीचे दालीचे आकर्षण आणि पैशाची हाव त्याच्या मित्रांना असह्य झाली. १९३४ मध्ये ब्रेताँने त्याच्यावर जवळजवळ खटलाच चालविला आणि पुढे तो चळवळीतून कायमचा हद्दपार झाला. दालीचे हस्तकौशल्य वादातीत आहे. त्याच्या १९४० नंतरच्या चित्रांत मला शोध दिसत नाही, केवळ प्रदर्शन दिसते.

त्याच्या उलट उदाहरण मेरेट ओपेनहाइम या बावीस वर्षांच्या तरुणीचे. १९३६ मध्ये एका उपाहारगृहात ती पिकासो आणि छायाचित्रकार दोरा मार यांच्यासमवेत बसली होती. तिच्या हातातील केसाळ चामडे मढविलेली बांगडी पाहून, असे चामडे काय कशावरही चढविता येईल, अशी थट्टा निघाली, आणि या कपबशीवरसुद्धा, असे ती उत्तरली. तिने दुकानातून साधी कपबशी व चमचा विकत आणला आणि तिन्हींवर हरिणाच्या जातीच्या प्राण्याचे केसाळ कातडे आतून-बाहेरून चिकटविले. ही वस्तू डोळ्यांनी पाहायची असली तरी तिचा परिणाम जिभेवर होतो: ओल्या केसांचा स्पर्श ओठांना जाणवतो आणि अंगावर काटा येतो. घरातील सर्वांत सौम्य, सर्वांत सुसंस्कृत उपचार, पाहुण्याला चहा देण्याचा, एका क्षणात वन्य होऊन बसतो. दोन ओळींचे शब्दही न वापरता एवढी उलथापालथ करणारी कृती त्या दशकात दुसरी झाली नाही, असे मी निःशंकपणे म्हणेन. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली. पण त्या कीर्तीचे ओझे ओपेनहाइमला पेलवेना. पुढील सतरा-अठरा वर्षे ती निर्मितीच्या घोर संकटातून गेली.

चळवळीचा एक मोठा दोष येथे बोलून दाखविला पाहिजे. स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्या या पुरुषमंडळाने स्त्रीला स्वप्नदेवता, प्रेरणा, कधी वेडाची मूर्ती मानले. सहकारी कलावंत मानताना मात्र त्यांची जीभ अडखळली. लिओनोरा कॅरिंग्टन ही इंग्रज चित्रकर्ती एर्न्स्टची सहचरी म्हणूनच दीर्घकाळ ओळखली गेली. युद्धारंभी एर्न्स्टला अटक झाल्यावर ती स्पेनला पळाली, तेथे वेड्यांच्या रुग्णालयात डांबली गेली, आणि शेवटी मेक्सिकोला पोहोचून तिने स्वतःचे असे एक देवकथांचे विश्व रंगविले. २०११ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारली तेव्हा कोठे जगाला तिचे स्वतंत्र मोठेपण पटू लागले होते.

भारतीय वाचकाला या इतिहासातील आणखी एक पान जिव्हाळ्याचे वाटावे. फ्रान्सने १९३१ मध्ये पॅरिसच्या व्हँसेन भागात आपल्या वसाहतींचे प्रचंड प्रदर्शन भरविले. आशिया-आफ्रिकेतील मंदिरांच्या प्रतिकृती उभारल्या, त्या त्या देशांतील माणसेही आणून दाखविली. लाखो लोक लोटले असता अतिवास्तववाद्यांनी पत्रके वाटून नागरिकांना तेथे न जाण्याचे आवाहन केले आणि वसाहतींचे सत्य सांगणारे लहानसे प्रतिप्रदर्शन उभे केले. मोरोक्कोतील रिफ लोकांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पक्षही त्यांनी १९२५ मध्येच उघडपणे घेतला होता. बुद्धीच्या एकछत्री अंमलाविरुद्ध सुरू झालेले बंड साम्राज्याच्या अंमलापर्यंत पोहोचणे क्रमप्राप्तच होते, कारण दोन्हींची भाषा एकच होती: आम्ही शहाणे, बाकीचे अडाणी.

म्हणूनच १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ही चळवळ परागंदा झाली ती परक्या मुलखात गेली असे झाले नाही. मार्सेय बंदरात व्हेरियन फ्राय या अमेरिकन गृहस्थाच्या मदतीने परवान्यांची वाट पाहत असताना ब्रेताँ, एर्न्स्ट, मासाँ आणि क्यूबाचा विफ्रेदो लाम यांनी पत्त्यांचा नवा जोड रंगविण्यात दिवस काढले. १९४१ च्या मार्चमध्ये एका जहाजाने ब्रेताँ आणि लाम मार्तिनिक बेटाकडे निघाले. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस त्याच जहाजावर होता. मार्तिनिकमध्ये ब्रेताँला एमे सेझेर हा कृष्णवर्णीय कवी भेटला, ज्याने अतिवास्तववादाचे शस्त्र वसाहतवाद्यांवरच रोखले होते. लामची आई आफ्रिकी वंशाची, वडील चिनी. मायदेशी परतून त्याने १९४२-४३ मध्ये ‘अरण्य’ हे भव्य चित्र रंगविले. त्यात उसाचे दांडे, माणसांचे पाय, मुखवटे आणि पाने एकमेकांत अशी मिसळली आहेत, की गुलामांच्या मळ्यातूनच त्यांच्या पूर्वजांचे देव उठून उभे राहिल्यासारखे वाटते. युरोपात जे स्वप्न म्हणून शोधावे लागत होते ते येथे स्मृती म्हणून जिवंत होते.

न्यूयॉर्कला पोहोचलेल्या निर्वासितांनी अमेरिकन चित्रकलेची दिशा बदलली, हे सर्वश्रुत आहे. जॅक्सन पोलॉक आणि आर्शिल गॉर्की यांच्या हातांना जी मोकळीक मिळाली तिचे मूळ मासाँच्या स्वैर रेषेत आणि चिलीच्या रोबेर्तो मात्ताच्या शिकवणुकीत आहे. त्याच परंपरेतील एक शाखा आपल्यापर्यंत आली. इंग्रज मुद्राचित्रकार स्टॅन्ली हेटर याने पॅरिसमध्ये १९२७ साली काढलेल्या आणि पुढे ‘आतलिए १७’ म्हणून गाजलेल्या कार्यशाळेत धातूच्या पत्र्यावर आधी आराखडा न काढता रेषेला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, हा अतिवास्तववादी संस्कार होता. पन्नाशीच्या दशकात तेथे गेलेल्या आंध्रच्या कृष्णा रेड्डींनी आणि मुंबईच्या कैको मोतींनी, शाईच्या कमीअधिक चिकटपणाचा उपयोग करून एकाच पत्र्यावरून एका दाबात अनेक रंग छापण्याची पद्धत विकसित करण्यात मोलाचा वाटा उचलला. जगभरच्या मुद्राचित्रशाळांत ती आज शिकविली जाते.

बाजाराने या कलेचा उपयोग केला तो अर्थात वेगळ्या हेतूने. हिचकॉकने १९४५ मधील चित्रपटातील स्वप्नदृश्यासाठी दालीला पाचारण केले. बीटल्सच्या कंपनीचे हिरवे सफरचंद माग्रितच्या चित्रावरून आले. तेव्हा मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या एअर इंडियासाठी दालीने १९६७ मध्ये चिनीमातीचे एक रक्षापात्र घडविले, ज्यात हत्तीचे मस्तक उलटे धरले असता हंस दिसतो. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले, आणि ते विमानाने त्याच्याकडे खरोखरीच रवाना झाले. जाहिरातींत आज साबणाच्या वड्या आकाशात तरंगतात आणि मोटारी मेघांतून धावतात, तेव्हा त्यांच्या कर्त्यांना माग्रितचे नावही आठवत नसेल. माग्रितचेच ‘प्रकाशाचे साम्राज्य’ या मालिकेतील एक चित्र नोव्हेंबर २०२४ मध्ये, जाहीरनाम्याला शंभर वर्षे झाली त्याच शरद ऋतूत, न्यूयॉर्कच्या लिलावात १२ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. प्रतिमा घेतली आणि तिच्यामागची पृच्छा टाकून दिली, असा हा व्यवहार आहे. वस्तूंना त्यांच्या नात्यांतून सोडविण्याचा उद्देश माणसाला मोकळे करण्याचा होता; तीच क्लृप्ती त्याला गिऱ्हाईक करण्यास वापरली गेली, याची खंत वाटते.

मराठीत या विचाराचे बीज पडले ते प्रामुख्याने कवितेच्या आणि चित्रकलेच्या सीमेवर. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम केलेल्या अरुण कोलटकरांच्या आरंभीच्या मराठी कवितांत, १९७७ च्या संग्रहात ज्या एकत्र झाल्या, वस्तू एकमेकींवर जशा अनपेक्षितपणे आदळतात ते पाहताना दे किरिकोचा चौक आठवतो. त्याच कलाशाळेचे प्रभाकर बरवे यांना अतिवास्तववादी हे लेबल लावणे योग्य होणार नाही; तंत्रमार्गातील आकृती, चित्रकार पॉल क्ले आणि स्वतःची मननशील वृत्ती यांतून त्यांनी आपली वाट काढली. पण एनॅमलच्या तुकतुकीत रंगांत रंगविलेली त्यांची घड्याळे, पाने, फळे आणि अक्षरे रिकाम्या अवकाशात परस्परांपासून सुटी होऊन जेव्हा एक नवेच नाते जुळवू पाहतात, तेव्हा एर्न्स्टने त्या खाणावळीत आरंभिलेल्या साक्षीदारपणाचेच हे स्वतंत्र भारतीय रूप आहे, असे मला वाटते. बरव्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या टिपणवह्यांतून वस्तू, आकार आणि रिकामेपण यांचा जो विचार केला, तो ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात उतरला आहे. चित्रकाराचे मन चित्र होण्यापूर्वी काय पाहत असते हे ज्याला मराठीतून जाणून घ्यायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे, आणि बरव्यांची चित्रे जेथे पाहावयास मिळतील तेथे ती घाई न करता पाहावीत.